विमानाचा डायवर

आमच्या वडिलांनी मला जन्मभर डायवर म्हटलं. हवाई दलात मी मालवाहू विमानं उडवायचो, खांद्यावर पट्ट्या होत्या, लोक सॅल्यूट ठोकायचे. पण नांदूरघाटच्या बाजारात वडील सांगायचे, "धाकटा इमानावर डायवर हाय." त्यावर समोरच्याचा ठरलेला प्रश्न, "पर्मनंट हाय का?" दिंद्रुडचं एक चांगलं स्थळ तर "डायवरला पोरगी देत न्हाई" म्हणून चहा पिऊन परत गेलं. मी तापट डोक्याचा माणूस. "पायलट म्हणा," असं एकदा ठणकावलं, तर वडील शांतपणे म्हणाले, "मंग चालवतं कोण?"

पुढे हवाई दल सोडून मी एका परदेशी तेल कंपनीत लागलो. समुद्रातल्या विहिरींवर हेलिकॉप्टरने माणसं पोचवता पोचवता खुर्चीवर पोचलो आणि मग चार देशांत नुसत्या बैठका घेत फिरलो. गावात बातमी आली ती अशी, की धाकट्याचं इमान सुटलं, आता तेलाच्या घाण्यावर हाय. लोक मला करडीचा भाव विचारू लागले. आई म्हणाली, "येताना एक डबा आण." तिला जमिनीतलं काळं तेल समजावून सांगण्यापेक्षा बीडच्या बाजारातून करडीचा डबा उचलणं सोपं होतं. "परदेशाचं तेल लई हलकं," असं ती शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होती. मी कशाला बोलतोय.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा घरात थोरला दादा, वैनी, पुतण्या आणि मेंढरं होती. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की माळावरचं पाणी आटतं, मग बिऱ्हाड घेऊन गोदाकाठाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. दादा हे पोरवयापासून करत आला होता. पण आता त्याचे गुडघे गेले होते. उठताना असा आवाज यायचा की कुत्रं मान वर करून बघायचं. डॉक्टरने चालणं बंद सांगितलेलं, आणि मेंढरं तर त्याच्याच आवाजावर चालणार. पुतण्याने कितीही घसा फोडला तरी ती ढिम्म हलत नसत.

एका सकाळी दादा म्हणाला, "माळावर बोअर घेऊ. पानी लागलं तर चाऱ्याला घास लावीन, मेंढरं दारातच बसतील. मला कुटं जायाचं काम न्हाई."

"घे की," मी म्हणालो.

"जागा तू दाव."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो माझ्याकडे असा बघत होता की मला हसताच येईना. हातावर नारळ उभा करून पाणी सांगणारा पाणाड्या गावातच होता, त्याला दादाने आदल्या दिवशीच परत पाठवलं होतं. "माजा भाऊ जल्मभर हिरीवर व्हता, समिंद्राच्या बुडाखालचं काढायचा. त्येला आपल्या माळाखालचं पानी कावून सापडनार न्हाई?"

विहीर हा शब्द मीच या घरात आणला होता, आता बोंबलून उपयोग नव्हता. मी परोपरीने सांगितलं की दादा, मी तेलाचा एक थेंबसुद्धा शोधला नाही, शोधणारी माणसं वेगळी, मी फक्त त्यांच्या फायलींवर सह्या करायचो. दादा म्हणाला, "सही करायच्या आदी वाचत आसशीलच की."

कंपनीतल्या एका जुन्या भूगर्भवाल्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, मशीनवाला बोलव. बीडहून मशीनवाला आला, माळभर तारा अंथरल्या, दोन जागा सांगितल्या आणि दोन्हीकडे फिफ्टी-फिफ्टी म्हणून निघून गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठमोठ्या साहेबांसमोर माझी जीभ कधी अडखळली नव्हती, पण वैनी पूजेचं कुंकवाचं ताट घेऊन उभी राहिली, तेव्हा मी चष्मा काढून पुसत बसलो. शेवटी लिंबाच्या बाजूची जागा धरली. का, तर तिथे सावली होती.

बोअरची गाडी आली. नारळ फुटला. दिवसभर पांढरा फुफाटा उडत राहिला, आमच्या भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या झाल्या, आणि पाण्याचं नाव नाही. संध्याकाळी गाडीवाल्याने मशीन बंद केलं. मला तर दादाच्या गुडघ्यांकडे बघवेना. दादा भोकाशी जाऊन वाकला, आत डोकावला आणि म्हणाला, "तेल बी न्हाई लागलं व्हय?" मग तोच हसला. मला मात्र रडू आलं, आणि मी डोळ्यांत फुफाटा गेल्याचं सांगितलं.

दुसरी जागा दादाने नको म्हटली, म्हणून दिवाळीनंतर मी एक जुना पिकअप घेतला. मागे बिऱ्हाड, भांडी, नुकती जन्मलेली कोकरं. पुढे माझ्या शेजारी दादा, काच खाली करून, हाका घालत. मेंढरं त्याच्या आवाजामागे येत होती, पुतण्या आणि वैनी त्यांच्यामागे. मला इतकी वर्षं कंपनीचा ड्रायव्हर होता, त्यामुळे क्लच माझं ऐकत नव्हता. गाडी आचके द्यायची, कोकरं ओरडायची, आणि दादा बजावायचा, "हळू बे, हे इमान न्हाई." मेंढरांच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड चालवणं चालवलं.

मांजरसुंब्याला धाब्यावर थांबलो. मेंढरं अलीकडच्या रानात पुतण्या आणि वैनीपाशी होती. धाबेवाला दादाला दरवर्षी बघणारा. "आवंदा गाडीनं? बरं केलं. आन् हे पाव्हणं कोण?"

आता दादा हवाई दल सांगणार, परदेश सांगणार, म्हणून मी उगाच कॉलर नीट केली.

"ह्यो? ह्यो माजा डायवर हाय."

धाबेवाल्याने आत आवाज दिला, "डायवरला मागं बाजंवर वाढा, त्येचं पैसं घिऊ नका." मग माझ्याकडे निरखून बघत त्याने दादाला विचारलं, "नवा दिसतोय. जमतं का त्येला?"

दादाने दोन्ही पाय समोरच्या बाकड्यावर लांब केले. गुडघे वाजले नाहीत.

"जमंल," तो म्हणाला. "आदी इमान चालवायचा. आता माणसात आलाय."