पुढचे नाल

रिंगणबाईला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घोडेस्वारीच्या शाळेत गोल रिंगणाच्या मधोमध उभं राहायचं आणि कडेने घोड्यांवरून फिरणाऱ्या पोरांबरोबर स्वतःभोवती फिरत राहायचं, हे तिचं उभ्या आयुष्याचं काम. तोंडाने सारखं चाललेलं, "टाचा खाली! नजर वर! कोपरं आहेत की पंख?" वस्तीतले निम्मे डॉक्टर, वकील आणि एक बँक मॅनेजर यांना तिने लहानपणी घोड्यावरून तोंडावर पडताना पाहिलं होतं, त्यामुळे तिला कुणाचा फारसा दरारा वाटत नसे. घरी आल्यावरही तिचं फिरणं थांबायचं नाही. ती ओट्याशी उभ्यानेच जेवायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी आला की घुम्यासारखा रेडिओ ऐकत बसायचा. कधीतरी मान वर करून म्हणायचा, "अगं, एखाद्या दिवशी खुर्चीशी ओळख करून घे की."

ती शाळा आता बंद होत होती. मालकाने जागा विकली होती, तिथे इमारत उभी राहणार होती. तरणे घोडे पटापट खपले. उरली ठकी.

ठकी ही करडी घोडी. पाठ झोळीसारखी खाली आलेली, डोळ्यांवर खळगे पडलेले, दात होते पण नावाला. भिजवून मऊ केलेल्या कोंड्याशिवाय तिला काही चावायचं नाही. पण शाळेतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा बसलं ते तिच्यावर. पाठीवरचं पोर एका अंगाला सरकायला लागलं की ठकी आपण होऊन थांबायची, ते सावरलं की चालू लागायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रिंगणबाई म्हणायची, "अर्धा पगार खरं तर हिचा आहे."

"तुम्हाला हवी तर न्या," मालक म्हणाला. "महिनाअखेर कुलूप लागेल. नाहीतर दलाल येणारच आहे."

दलाल म्हातारे घोडे कुठे नेतो हे विचारायचं नाही, असा त्या धंद्यातला शिरस्ता होता. बाईने विचारलं नाही. "नेते," म्हणाली आणि तरातरा घरी आली. जिना चढताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घोडी मावत नाही.

"पेन्शनीतल्या घोड्यांना सांभाळणाऱ्या जागा असतात," तिने ओट्याशी उभ्या उभ्या सांगितलं. "महिन्याचे पैसे भरायचे, ते खायला-प्यायला घालतात, मोकळं सोडतात."

"म्हणजे वृद्धाश्रम," सासूबाई म्हणाल्या.

"वृद्धाश्रम नाही हो, आई."

"मग वृद्धाश्रमात काय वेगळं करतात? नाच शिकवतात?" सासूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "मीही येते बघायला."

"तुम्ही कशाला? तुमचे गुडघे..."

"घोडीसाठी जागा बघता बघता आपलीही बघून ठेवावी. एका खेपेत दोन कामं."

नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला.

पहिली जागा फोटोत होती तशीच देखणी निघाली. फाटकाला वेल, दारांवर घोड्यांच्या नावांच्या पितळी पाट्या. मालक हातात हात घालावा तसं गोड बोलत होता. रिंगणबाई पाट्या वाचायच्या सोडून थेट पाण्याच्या हौदाकडे गेली, हात कोपरापर्यंत बुडवला. बोटांना हिरवी बुळबुळ लागली.

सासूबाई तोवर मालकाला विचारत होत्या, "रात्री इथे कोण असतं?"

"कॅमेरे आहेत, आजी. सगळं मोबाइलवर दिसतं मला."

"घोडं आडवं पडलं तर कॅमेरा उठून दार उघडतो का?"

मालक हसला. सासूबाई हसल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "मी तरी इथे राहणार नाही बाई."

दुसऱ्या जागी माणूस बरा होता, पाणी स्वच्छ होतं. पण गवत टाकायची वेळ झाली तेव्हा त्याच्या माणसाने सगळ्या घोड्यांत मिळून एकच ढीग टाकला. एक दांडगा तांबडा घोडा कान मागे पाडून ढिगाशी उभा राहिला आणि दोन म्हातारे लांबून बघत राहिले, पंगतीत पान न मिळालेल्यांसारखे. घोडे असतील त्याहून एक ढीग जास्त घालावा, म्हणजे हाकललेल्याला जायला जागा राहते, एवढी साधी गोष्ट. बाईने ती सांगितली. माणूस म्हणाला, "आपापसात करतात ते ॲडजस्ट." बाई फाटकाबाहेर पडली तेव्हा सासूबाई धापा टाकत मागून येत होत्या. "अगं, जरा हळू! मी घोडी नाही."

महिना उतरणीला लागला. बाईला झोप येईना. भांडी घासून झाली की ती पुन्हा घासायची. शाळेत जाऊन ठकीला एवढा खरारा करायची की घोडी कातडी थरथरवून बाजूला व्हायची. फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलायची आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत "हो, हो" म्हणायची. नवऱ्याने एकदा भीत भीत सुचवलं, "दलालालाच विचारावं का, चांगलं गिऱ्हाईक..." बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने वाक्य तिथेच सोडून दिलं.

तिसरी जागा पूर्वी दवाखान्यात नर्स असलेल्या एका बाईची होती. नोकरी सोडून किती काळ लोटला तरी सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. शोभेचं काही नव्हतं. फाटकातून आत गेलं की खडी टाकलेलं रुंद अंगण, त्याच्या पलीकडे उतारावर गवत. मध्ये कुंपण नाही. घोडे वाटेल तेव्हा सावलीला अंगणातल्या छपराखाली येत, वाटेल तेव्हा गवतावर जात. रिंगणबाईने हौदात हात घातला. चांगला होता. गवताचे ढीग मोजले. एक जास्त होता. एक दात पडलेला घोडा बाजूला घमेल्यातून भिजवलेला कोंडा खात होता आणि सिस्टरचा भाऊ दुसऱ्यांना हाकलत त्याच्याजवळ उभा होता.

"रात्री कोण असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. माझी खोली ही," सिस्टर म्हणाली. "खिडकी उघडी ठेवून झोपते. एवढी वर्षं रात्रपाळ्या केल्या, आता गाढ झोप लागतच नाही."

सासूबाईंनी खिडकी निरखली, मग सुनेकडे बघून मान हलवली.

सिस्टरने दोन गोष्टी सांगितल्या. एक, इथे कुणाच्या पायाला नाल चालत नाही. घोडे मोकळे असतात, लाथा झाडतात. नुसत्या खुराची लाथ बसली तर सूज येते, नालाची बसली तर हाड मोडतं. "मागचे दोन काढून आणा. लाथ मागच्यांनीच बसते. पुढचे राहू द्या. ती गवतावर रुळली की मी सावकाश काढवून घेईन." दोन, लंगडं जनावर घेत नाही. "म्हातारं घेते, आजारी नाही. आम्ही दोघंच आहोत. जागा एकच शिल्लक आहे आणि आणखी एकजण विचारून गेलाय."

"आणतेच!" बाई म्हणाली.

माशी शिंकली ती इथे. घरी येईपर्यंत बाईच्या मनात एकच घोळत होतं, की सिस्टरला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही. पोराला पहिल्या दिवशी शाळेत पाठवताना नखं कापून, केस चापून पाठवतात ना, तशी ठकी न्यायची. मागचे काढायचेत ना? मग चारही काढू. पुन्हा त्या बाईला त्रास नको. ठकी उतरली की म्हणायचं, बघा, सगळं करूनच आणलंय.

नालबंद शाळेतला जुना. त्याने मागचे दोन नाल उपसले आणि हत्यारं गुंडाळायला घेतली.

"पुढचेही काढ," बाई म्हणाली.

"पुढचे? अहो, सगळं वजन पुढच्यांवर असतं. ही जन्मभर नालांवर चालली, तळवा कागदासारखा झालाय. आधी मऊ जमिनीवर राहू द्या, मग काढा."

"तिकडे सगळं गवतच आहे."

"तिकडे पोचायला रस्ता नाही का?"

"ट्रकमधून जाणार आहे ती. काढ म्हटलं ना!"

त्याचं म्हणणं बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. कुणी पोराच्या आईने हाच हट्ट धरला असता तर तिने तिला रिंगणाबाहेर काढलं असतं. पण पाय एका जागी ठरत नव्हते आणि हातांना काहीतरी करून संपवायचं होतं. "तुमची घोडी, तुमचा हट्ट," नालबंद म्हणाला आणि त्याने पुढचा पाय गुडघ्यांत धरला.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर, सासूबाई आणि बाई. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. "एवढं बघितलं, शेवट नको बघायला?" म्हणून त्या आधीच चढून बसल्या होत्या. मागे शाळेच्या फाटकाला मालकाने दुपारीच कुलूप ठोकलं.

ट्रक सिस्टरच्या अंगणात थांबला, फळी टाकली. ठकी फळीवरून खाली उतरली, पहिला पाय खडीवर टेकला आणि थांबली. मग दुसरा टेकला, लगेच उचलला. पहिला टेकला, तो उचलला. मान खाली घालून ती तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी पुढचे पाय आलटून पालटून उचलत राहिली.

बाईने पुढे होऊन तिचा दोर धरला.

सिस्टर हाताची घडी घालून बघत होती. "ही लंगडतेय."

"लंगडत नाही. तळवे दुखतायत. खडी आहे ना..." बाईचा आवाज, जो रिंगणापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा, तो सिस्टरपर्यंत जेमतेम पोचला.

सिस्टरने वाकून पुढचा खूर उचलला, खिळ्यांची ताजी भोकं पाहिली. "पुढचे राहू द्या म्हटलं होतं मी."

"हो."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला त्रास नको," ती म्हणाली, आणि ते तिलाच बावळट वाटलं.

"आता झाला ना मला त्रास? उद्या गळू धरलं खुरात, तर कोण बसणार शेकत? माफ करा. परत न्या. तो दुसरा माणूस आजही तयार आहे."

"परत न्यायला जागा नाही," बाई म्हणाली. "कुलूप लागलंय."

ड्रायव्हर म्हणाला, "मला काय ते लवकर सांगा, अजून एक भाडं आहे." ठकीने पाय उचलला, टेकला.

सासूबाई तोवर कशाबशा सीटवरून खाली उतरल्या होत्या. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "चूक माझ्या सुनेची आहे. अक्कल आहे तिला, पण दम नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली. आमचा संसार तिने असाच केला, आधी फोडणी, मग भाजी चिरायला घ्यायची. पण घोडीला कशाला शिक्षा? द्यायची तर हिला द्या."

सिस्टर हसली नाही, पण तिच्या हाताची घडी सुटली. "आधी गवतावर चालवून दाखवा," ती म्हणाली.

बाईने ठकीला कडेकडेने, पावलागणिक थांबत, खडीवरून पलीकडे नेलं. गवतावर चारही पाय आले आणि घोडीने मोठा श्वास सोडला. बाईने तिला गोल फिरवलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. ठकी सरळ चालली. म्हातारी, हळू, पण सरळ.

सिस्टर बराच वेळ पायांकडे बघत राहिली. "ठेवते," ती म्हणाली. "पशुवैद्य पंधरवड्याने येतो. तो म्हणाला लंगडी, तर मी फोन करीन आणि तुम्ही न्यायची. मग मी आजींचंही ऐकणार नाही."

"चालेल! मी रोज सकाळी येईन. पाय धुवीन, औषध लावीन, पहिल्या बसने..."

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुम्ही यायचं नाही."

"का?" बाई म्हणाली.

"मी कुणाला बांधत नाही, तुम्ही बघितलंय. मध्ये कुंपण नाही. तुम्ही फाटकाशी दिसलात की ही येणार. फाटकापर्यंत सगळी खडी आहे. रोज आलात तर रोज चालत येईल, आणि तळवे कधीच भरायचे नाहीत. कोंडा, पाणी मी गवतावर पोचवीन. तळवे निबर झाले की मी बोलावते. तोवर इकडे फिरकू नका. आणि आत्ता जाताना हाक मारू नका तिला."

एवढ्या वर्षांत शाळेला सुट्टी असली तरी बाई एकदा तबेल्यात जाऊन यायची. तिने ठकीच्या मानेवर हात ठेवला, लगेच काढला. दोर सोडवून सिस्टरच्या हातात दिला आणि वळली.

खडी तिच्या चपलांखाली करकरत होती. मागे ठकी खिंकाळली. लहानशी, विचारल्यासारखी. बाईचे खांदे वर आले. सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं, त्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"वळू नकोस."

"येतेय का ती?"

"चाल."

"आई, बघा ना. तुम्ही बघा. तुम्हाला ती ओळखत नाही."

सासूबाई थांबल्या, सुनेचं मनगट न सोडता मान मागे वळवली, चष्मा नाकावर सारखा केला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाई फाटकाच्या खांबाकडे बघत उभी होती आणि उभ्या उभ्या पाय बदलत होती.

"काय करतेय?"

"उभी आहे."

"कुठे? खडीवर?"

"खडीच्या अलीकडे... नाही, पलीकडे. गवतावर. तोंड इकडेच आहे. एक पाऊल टाकलं तिने, थांब. थांबली."

"आणि पाय? पाय उचलतेय का?"

"पाय मला काय कळतात बाई! चार आहेत. चारही खाली आहेत," सासूबाई म्हणाल्या. "चल आता. आणि हळू चाल, मला तुझ्यामागे पळवत नाही."

बाईने हळू चालायचा प्रयत्न केला. ट्रकपर्यंत जाईतो तिने तीनदा विचारलं, "अजून तिथेच आहे ना?" आणि सासूबाई प्रत्येक वेळी थांबून, मागे वळून, बघून सांगत गेल्या.