कडुलिंबाखालचा परळ

अकोल्याच्या उन्हाळ्यात म्युनिसिपल कमिटीचा एक शिपाई आमच्या पेठेतल्या कुत्र्यामांजरांसाठी कडुलिंबाखाली मातीच्या परळात पाणी ठेवायचा आणि त्यात बराच वेळ बोट फिरवायचा. कमिटी भटक्या कुत्र्यांना विष घालते, हे मला ठाऊक होतं. एकदा मी त्याच्यादेखत परळ लवंडला.

"काहून सांडलं, मास्तर?"

"बोटानं काय कालवतोस?"

"पानी तापलं का पायतो. ऊन पानी जनावर पेत नाई."

तळाशी उरलेलं पाणी तो स्वतः प्यायला आणि माझ्या ओट्यावर बसला. "मेलो तं कमिटीले सांगजा."

समोर एक कुत्री ओली माती चाटत होती. माझ्या घरात माठ भरलेला होता. पण खरं सांगतो, मी उठलो नाही. तो मरतो का, हेच पाहत राहिलो.