काकूंचा ट्राउट

आमच्या बर्नाबीच्या कॉन्डोत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्या रिटायर्ड भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर माणसांना झोपवलं, आता माशांना जागं करते," असं सांगतात. दर रविवारी फेरी पकडून त्या एका छोट्या बेटावरच्या तळ्यावर ट्राउट धरायला जातात. तळं इतकं उथळ की मधोमध उभं राहिलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून काकू त्यात उभ्या राहतात आणि ऑपरेशन थिएटरमधल्या मऊ आवाजात पाण्याला म्हणतात, "रिलॅक्स हं, काही दुखणार नाही."

मी कित्येकदा सोबत गेले, पण त्यांच्या गळाला मासा लागलेला कधी पाहिला नाही.

एका रविवारी चहा ओतायचा म्हणून त्यांनी रॉड माझ्या हातात दिला आणि तेवढ्यात दोरीला हिसका बसला.

"काकू, घ्या घ्या, हा तुमचाच!" मी ओरडले.

"माझा कसा? तुझ्याकडे आलाय. सोडू नकोस गं!"

चहा टाकून त्या जाळी घेऊन धावल्या, पाण्यात आपटल्या, नखशिखान्त भिजल्या, पण मासा जाळीत घेतलाच. वीतभर होता. गळ अलगद काढून त्यांनी तो परत सोडून दिला.

परतताना फेरीवर मला त्यांच्याकडे बघवेना. काकूंनी मात्र शेजारच्या अनोळखी जोडप्याला थांबवलं, दोन्ही हात चांगले फाकवले आणि म्हणाल्या, "माय नीस कॉट वन धिस बिग!"

मासा एवढा नव्हता आणि मी त्यांची भाचीही नव्हते. मी दोन्हीला मान डोलावली.