तपासणीच्या दिवशी रिकामी जागा

शाळेतली पोरं बाईंना 'उद्याबाई' म्हणत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की बाई सरळ सांगत, "मला नाही माहीत. उद्या बघून सांगते." शिक्षकांच्या खोलीत यावर भरपूर हसून झालं होतं. नवीन असताना बाईंनीही आवाज चढवून, डोळे वटारून पाहिलं. पण तो अवतार त्यांना मानवला नाही. दुसऱ्याच्या मापाचे कपडे घातल्यासारखं व्हायचं. मात्र उद्या म्हटलं की उद्या त्या सांगतच, आणि पोरांना हे पक्कं ठाऊक होतं.

एवढी वर्षं शिकवूनही नोकरी हंगामीच. घरी अंथरुणाला खिळलेली आई. यंदाची तपासणी नीट पार पडली, तर बाई कायम होणार होत्या.

तपासणीला कच्ची पोरं घरी ठेवायची, ही मुख्याध्यापकांची जुनी रीत. "ती मागच्या बाकावरची वाचताना अडखळते," ते आदल्या दिवशी बाईंना म्हणाले. "तिला सांगा, येऊ नकोस."

बाईंनी मान हलवली. दुपारी त्या पोरीला फळ्याजवळ बोलावून सांगितलंही. ती फक्त "बरं बाई" म्हणाली. का म्हणून विचारलं असतं, तर बाईंना एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पाठ झकास रंगला. तपासणीचे साहेब खूश. जाता जाता त्यांनी मागच्या बाकावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं, "तिथे कोण नाही आज?"

"ती आजारी आहे," वर्गाची मॉनिटर उठून म्हणाली. तिला मुख्याध्यापकांनी पढवून ठेवलं होतं.

अख्खा वर्ग बाईंकडे बघू लागला. खरं काय ते साऱ्यांनाच माहीत होतं. बाईंच्या डोळ्यांपुढे आईची औषधं आली. हो म्हणायला काय लागतं?

"आजारी नाही ती," बाई म्हणाल्या. "वाचताना अडखळते, म्हणून मीच तिला येऊ नको म्हटलं. चुकलं माझं."

दारात उभ्या मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. साहेब तडक बाहेर पडले. नोकरीचं काय होणार, ते बाईंना कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी बाई त्या पोरीच्या घरी गेल्या. आत तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. पोर दारातच पुढे आली आणि कुजबुजली, "बाई, आईला मी सांगितलंय, शाळेला सुट्टी आहे. तुमचं नाव नाही घेतलं."

एवढ्याशा पोरीने बाईंसाठी आईशी खोटं बोलावं!

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

चपला काढून बाई आत गेल्या. पोरीच्या आईने लगबगीने इस्त्री बाजूला ठेवली, बसायला खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"ताई, आज सुट्टी नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी कायम व्हावी म्हणून मी हिला घरी बसवलं."