छत्तीस बाटल्यांतली हवा

उल्हास फडणीस सकाळपासून आलेखांकडे डोळे फाडून बघत होता. हवेची बाटली पाचशे फुटांवरची असो की वीस हजारांवरची, प्रत्येक कागदावर एकाच जागी कुठल्याशा वायूचं तेच उंच टोक. बाकीचे वायू त्याखाली गाडलेले. प्रयोगशाळेचे प्रमुख हॅगर्टीसाहेब मात्र खुशीत होते. ध्रुवाकडच्या हवेत हा वायू आजवर कुणाला दिसलाच नव्हता!

अकरा वर्षं उल्हास दुसऱ्यांच्या संशोधनासाठी बाटल्या धूत, भाजत, निर्वात करत आला होता. अलास्काच्या टोकाला, बॅरोला, विमान एकेक उंची गाठायचं आणि तिथली हवा त्यांत भरायची. शहाऐंशीच्या या मोहिमेत साहेबांनी शब्द दिला होता, संशोधनाच्या पेपरवर तुझंही नाव. ते त्याने कॅरी या आपल्या अमेरिकी गावातल्या मराठी घराघरांत सांगूनही टाकलं होतं. हौस दांडगी, दुसरं काय!

दुपारी त्याने परत आलेली खोकी आवरायला घेतली आणि कापराचा वास आला. त्याने खोक्याच्या तळाशी हात घातला; झिजलेली वडी हाती लागली.

बाटल्या पाठवायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती आणि खोकी त्याच्या गॅरेजमध्ये. त्याचे वडील सूतगिरणीत फिटर. नवमीला पाने-पकडी पुजून हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवायचे. उल्हासनेही बाटल्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि खोक्याखोक्यात वडी ठेवली. बुचाच्या रबरी चकतीतून कापूर निर्वात बाटलीत शिरेल, हे त्या दिवशी या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. आता त्याने वडीचा कण वायू ओळखणाऱ्या यंत्राला दिला. टोक बरोबर त्याच जागी उमटलं.

त्याने घरी फोन लावला.

"अहो, कुणाला सांगू नका," सुहासिनी म्हणाली. "त्यांना कापूर माहीत तरी आहे का? एवढ्या वर्षांनी नाव येतंय, आणि तुम्ही स्वतःच स्पॉइल करणार?"

तासभर तो खुर्चीतून उठला नाही. जीव नकोसा झाला होता. मग तो साहेबांच्या खोलीत गेला, वडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून मोकळा झाला.

साहेबांचा चेहरा उतरला. "एखादी तरी बाटली वाचली?"

"एकही नाही."

"पुन्हा उडता येणार नाही. बॅरोचा सूर्य गेला आठवड्यापूर्वीच, आता दोन महिने तिथे अंधार." त्यांनी वडी उचलून हुंगली. "ही पूजा कशासाठी करता तुम्ही?"

"काम नीट व्हावं म्हणून," उल्हास म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.