डाव्या हाताची हळद

काल भाचीच्या मांडवात ओल्या हळदीचा वास आला आणि मुरबे गावातलं आमचं अंगण आठवलं. माझ्या हळदीच्या दिवशी कुंपणाशी बोंबील वाळत होते. आई मला डाव्या हाताने हळद लावायला लागली, तशी काकी ओरडली, "उजव्या हातानं लाव, शुभकार्य हाय!" आई हसली, "टोपल्या उचलून खांदा धरलाय, दुसरं काय नाय." पाठवणीच्या वेळीही तिने मला एकाच हाताने जवळ घेतलं, म्हणून मी रुसूनच सासरी गेले. महिन्याभराने तिची उजव्या काखेतली गाठ तपासून डॉक्टरांनी विचारलं, "कॅन्सर पसरलाय, इतके दिवस का थांबलात?" माझ्या हिरव्या चुड्याकडे बघत ती म्हणाली, "पोरीचं लगीन व्हतं ना." काल भाची हळद लावायला बोलवत राहिली, माझा हात काही वर जाईना.