कमरेवरचा डावा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — कारण ज्यांच्याशी मी लबाडी केली, ते तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पिंपळनेरचे माझे साडू.

आम्हा दोघांनाही पिसाच्या गळाने मासे धरायचं वेड. ठाऊक आहे का हा प्रकार? गळाला पीस बांधून माशी करायची. तिला वजन नसतं, म्हणून जाड दोरीच काठीने आधी मागे, मग पुढे झुलवून फेकायची. जळगावात लोक हसतात — हसू द्या! दोरी हवेत सरळ सुटते तेव्हा मला अजूनही शाळा सुटल्यासारखं वाटतं.

यातली खरी मेख डाव्या हातात. उजवा हात काठी वेगाने पुढे नेतो, नेमकं तेव्हाच डाव्याने दोरी झटकन खाली ओढायची. काठी आणखी वाकते, दोरीला वेग येतो. काठी थांबली की दोरी सोडून द्यायची. यालाच इंग्रजीत हॉल, म्हणजे ओढ, म्हणतात. एवढंच.

साडूभाऊंनी माझ्याकडून शिकताना सुरुवातीलाच विचारलं होतं, "भाऊ, डावा हातनं काय करानं?"

आणि मी — कसं सांगू — म्हणालो, "दोरी उजव्या बोटाखाली दाबा. डावा कमरेवर ठेवा." का? पहिल्याच दिवशी त्यांची दोरी माझ्या बरोबरीने लांब गेली होती. माझा जळफळाट झाला. बस.

पण गंमत बघा. त्यांची दोरी जवळच पडायची, आणि चिलापी मासे असायचे काठालगत! पिशवी त्यांची भरायची, मी लांब फेकून रिकामा. मग त्यांच्याच घरी बसून तिखट रस्सा ओरपायचा — तोही मोठ्या आनंदाने.

परवा धरणावर गेलो, तर त्यांचे मित्र ओळीने उभे. सगळ्यांचे डावे हात कमरेवर! लावणीला उभे राहावेत तसे. मी पोट धरून हसलो. साडूभाऊ अभिमानाने सगळ्यांना म्हणाले, "बठ्ठं भाऊसनी शिकाडं!" म्हणजे सगळं मीच शिकवलेलं! आणि करून दाखवायला काठी माझ्या हातात दिली.

खरं तेव्हा सांगता आलं असतं. नाही का?

मी डावा हात कमरेवर ठेवला. सवय नव्हती, दोरी पायाशीच येऊन पडली. गुरूंनी मुद्दामच काठालगत टाकली, असं वाटून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात साडूभाऊंनी. मी हसून मान तुकवली. हात तसाच कमरेवर होता.